सुकाणूची कळ

इतिहास लिहिणाऱ्यांचें लक्ष नेहमीं शिडांकडे जातें, सुकाणूकडे क्वचित्. ज्या जहाजांनीं नवीं भूखंडें शोधलीं, ज्या आरमारांनीं राज्यें मिळवलीं किंवा घालवलीं, त्यांचीं नांवें शाळेंतील मुलांसहि पाठ असतात. परंतु तीं जहाजें उथळ पाण्यांत शिरूं लागलीं म्हणजे पिछाडीचें पातें कोण उचलीत असे, आणि भर समुद्रांत तें खालीं कशानें धरून ठेवीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हींहि तो कधीं विचारला नव्हता. विचारावयास लावलें तें गेल्या हिवाळ्यांतील एका लहानशा अपघातानें.

मालवणच्या बाजूस एका पुळणीवर आम्ही चार दिवस मुक्कामास होतों. आमचा एक जुना विद्यार्थी त्या वेळीं तेथें आला होता. तो आतां इंजिनिअर आहे, आणि सुटी मिळाली कीं समुद्र गांठतो. त्याच्याजवळ दोन अरुंद होड्या आडव्या नळ्यांनीं जोडून केलेली शिडाची नाव आहे. अशा नावेस सर्व जगांत कॅटमरान म्हणतात. आपण तिला जोडनाव म्हणूं. दोन होड्या, म्हणून सुकाणूहि दोन. संध्याकाळीं पाठीवर वारा घेऊन तो किनाऱ्याकडे येत असतां उजवें सुकाणू वाळूस लागतांच खट् असा आवाज करून वर उचललें गेलें. डावें मात्र उचललें गेलें नाहीं. त्याचें पातें वाळूंत रुतलें, कडी पिछाडीच्या फळीचा तुकडा घेऊन निघाली, नाव लाटेस आडवी झाली आणि आमचा विद्यार्थी पाण्यांत फेंकला गेला. दैव बरें म्हणून गुडघा फुटण्यावर निभावलें. किनाऱ्यावर येऊन तो ओशाळून म्हणाला, "सर, खटका गंजला होता. काल साफ करायचा राहून गेला." जवळच जाळें विणीत बसलेला एक म्हातारा तांडेल हें सर्व पाहत होता. तो आमच्याकडे वळून एवढेंच म्हणाला, "मास्तरानु, सुकाणू पाण्यात रवाक होया, पण रेवेत अडकाक नको."

सुकाणूच्या चार हजार वर्षांच्या इतिहासाचें सार या एका वाक्यांत आलें आहे असें आम्हांस वाटतें. सुकाणूनें पाण्यांत घट्ट राहावें, आणि जमीन लागतांच मुकाट्यानें सुटावें, अशा परस्परविरुद्ध दोन अपेक्षा माणसानें या एका पात्याकडून केल्या. त्या दोन्ही एकाच वेळीं पुऱ्या करण्यासाठीं काय काय युक्त्या योजण्यांत आल्या, तें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्राचीन काळीं सुकाणू म्हणजे एक मोठें वल्हेंच होतें. ईजिप्तच्या नाईल नदीवरील नावा, पुढें ग्रीकांचीं व रोमनांचीं जहाजें, हीं सर्व पिछाडीजवळ बाजूस बांधलेल्या वल्ह्यांनीं वळत. आपल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें एक जहाज चितारलें आहे, त्याच्या पिछाडीसहि अशींच सुकाणूचीं वल्हीं दिसतात. हें वल्हें दोरांनीं बांधलेलें असल्यामुळें त्यास उचलून धरणें सोपें होतें. बायबलच्या 'प्रेषितांचीं कृत्यें' या भागाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत संत पॉलच्या जहाजाच्या नाशाची हकीकत आहे. तींत वादळांत सांपडलेले खलाशी जहाज किनाऱ्यावर घालण्याचें ठरवतात, तेव्हां नांगर तोडून देतात आणि सुकाणूंचीं बंधनें सैल करतात असें सांगितलें आहे. नुसतें वाचणाऱ्यास हा तपशील गूढ वाटतो. परंतु जहाज नांगरावर असतां सुकाणूचीं वल्हीं पाण्याबाहेर उचलून बांधून ठेवीत आणि चालूं लागतांना सोडीत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचा उलगडा होतो. उचलून ठेवणें आणि खालीं सोडणें हें कर्म इतकें नित्याचें होतें, कीं लिहिणारानें त्याचें अधिक स्पष्टीकरण केलेंच नाहीं.

उत्तरेकडील व्हायकिंग लोकांनीं ही युक्ति पुष्कळ पुढें नेली. नॉर्वेंत गोकस्टाड येथें इ. स. १८८० मध्यें नवव्या शतकाच्या अखेरीचें एक जहाज उकरून काढण्यांत आलें. त्याचें सुकाणू उजव्या बाजूस आहे. पात्याच्या मध्यभागीं एक भोंक, त्यांतून ओंवलेली चिवट मुळाची दोरी, ती जहाजाच्या अंगावरील लांकडी उंचवट्यांतून आंत नेऊन बांधलेली, आणि वर काठापाशीं दुसरा पट्टा, अशी त्याची रचना होती. वरचा पट्टा सोडला कीं पातें खालच्या दोरीभोंवतीं फिरून वर येई आणि जहाज सरळ वाळूवर चढे. इ. स. १८९३ मध्यें याच जहाजाच्या बरहुकूम बांधलेली 'व्हायकिंग' नांवाची नाव माग्नुस आंडरसन या कप्तानानें अटलांटिक महासागरापार नेली, आणि बाजूस लावलेल्या या सुकाणूची त्यानें वाखाणणी केली. इंग्रजीमध्यें जहाजाच्या उजव्या बाजूस 'स्टारबोर्ड' म्हणतात, तो शब्दहि या उजव्या बाजूच्या सुकाणूचीच आठवण होय.

चिनी लोकांचा मार्ग निराळा. कँटन येथील हान काळच्या एका थडग्यांत सांपडलेल्या मातीच्या नावेस पिछाडीच्या मध्यभागीं सुकाणू आहे. म्हणजे युरोपच्या हजार वर्षें आधीं चिनी कारागिरांस ही कल्पना सुचली होती. पुढील काळांतील त्यांच्या मोठ्या जहाजांचें सुकाणू कड्यांत कायमचें अडकवलेलें नसे. तें दोरांनीं टांगलेलें असे, खोल पाण्यांत रहाटानें खालीं सोडीत, उथळ नदींत शिरतांना वर ओढून घेत. खालीं सोडलेलें हें पातें जहाजाच्या तळाच्याहि खालीं जाई. तेव्हां पाण्याच्या रेट्यानें तें मागें फेंकलें जाऊं नये म्हणून त्याच्या खालच्या टोंकास बांधलेले दोर जहाजाच्या पोटाखालून थेट नाळेपर्यंत नेऊन ताणून बांधीत. आमच्या मतें सुकाणू खालीं जखडून ठेवण्याच्या कलेचा हा पहिला स्पष्ट दाखला होय. आणि दोर सोडले कीं जखडणें संपलें.

युरोपांत पिछाडीच्या मध्यभागीं टांगलेलें सुकाणू प्रथम दिसतें तें इ. स. ११८० च्या सुमारास, इंग्लंडांतील विंचेस्टर आणि बेल्जममधील झेडेलगेम येथील बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडांवर कोरलेल्या जहाजांत. लोखंडी कडी आणि लोखंडी खुंटी यांवर दारासारखें फिरणारें हें सुकाणू फार बळकट ठरलें. मोठमोठीं जहाजें त्यावर चाललीं. पोर्तुगीज त्यावर आपल्या किनाऱ्यास आले. परंतु या बळकटीसाठीं एक मोल द्यावें लागलें. हें सुकाणू बाजूस फिरे, वर मात्र उचलतां येत नसे. खोल बंदरें असलेल्या देशांस याची अडचण वाटली नाहीं. ज्यांस उघड्या किनाऱ्यावर, फुटत्या लाटांतून ये-जा करावयाची होती, त्यांस मात्र तें कुचकामाचें होतें.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादापर्यंत मद्रासेस बंदर असें नव्हतेंच. विलायतेहून आलेलीं मोठीं जहाजें दूर खोल पाण्यांत उभीं राहत, आणि गव्हर्नरापासून गुमास्त्यापर्यंत सर्वांस फेंसाळत्या लाटांतून किनाऱ्यावर आणीत त्या तेथील मसुला होड्या. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नसत, काथ्यानें शिवलेल्या असत, म्हणून वाळूवर आदळल्या तरी त्या वांकत, फुटत नसत. त्यांस टांगतें सुकाणू नसे; पिछाडीस उभा असलेला तांडेल लांब वल्ह्यानें त्या वळवी. तेथील कोळी तर त्याहूनहि साध्या वाहनावर समुद्रांत जात: तीन-चार ओंडके दोरीनें एकत्र बांधलेले. तमिळ भाषेंत 'कट्टु' म्हणजे बांधणें आणि 'मरम्' म्हणजे लांकूड; त्यावरून या तराफ्यास कट्टुमरम् म्हणत. हाच शब्द इंग्रज खलाशांच्या तोंडीं 'कॅटमरान' झाला.

येथें एक गंमत सांगितली पाहिजे. नांव गेलें तमिळ किनाऱ्यावरून, पण ज्या नावेस आज तें लावतात तिची कुळी पॅसिफिक महासागरांतील बेटांची. तेथील लोक दोन होड्या आडव्या वाशांनीं जोडून हजारों मैलांचे प्रवास करीत, आणि लांब वल्ह्यानेंच वळवीत. आपल्या कोंकणांतील उलांडी लावलेली होडी हीहि या घराण्याची दूरची नातलग समजण्यास हरकत नाहीं. एका बाजूस बांधलेला ओंडका होडीस तोल देतो, तोच गुण दुसऱ्या पूर्ण होडीनें दिला कीं जोडनाव झाली.

युरोपांत अशी नाव बांधण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न सर विल्यम पेटी यांचा. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस हें नांव ओळखीचें आहे. इ. स. १६६२ पासून त्यांनीं दुहेरी नावा बांधण्यास आरंभ केला. दुसऱ्या चार्ल्स राजानें त्यांची थट्टा केली, आणि 'एक्सपेरिमेंट' नांवाची त्यांची नाव १६६५ मध्यें वादळांत बुडाली. पुढें दोन शतकें ही कल्पना बहुतेक निजली. इ. स. १८७६ मध्यें अमेरिकेंतील विख्यात नौकाशिल्पी नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनीं 'अमारिलिस' नांवाची जोडनाव न्यूयॉर्कच्या शर्यतींत उतरवली. तिनें सर्वांस मागें टाकलें, आणि अशा नावा पुढें नेहमींच्या शर्यतींतून वगळण्यांत आल्या! खरें पुनरुज्जीवन झालें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. वुडी ब्राउन यांनीं १९४७ मध्यें हवाई बेटांत 'मानु काइ' बांधली. इंग्लंडांत कॅन्व्ही बेटावरील प्राउट बंधूंनीं १९५० नंतरच्या दशकांत 'शिअरवॉटर' जातीच्या नावा काढल्या. १९६७ मध्यें रॉडनी मार्च यांची 'टॉर्नेडो' आली, आणि ती १९७६ पासून २००८ पर्यंत ऑलिंपिक स्पर्धांत होती.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें खरा महत्त्वाचा पुरुष म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियांतील होबी आल्टर (१९३३–२०१४). हा गृहस्थ मूळचा लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या तयार करणारा. त्यामुळें त्याची दृष्टि बंदरांतील नाखव्याची नव्हती, पुळणीवरील माणसाची होती. फुटत्या लाटेंतून वाळूवरून ढकलावी आणि वाळूवरच परत चढवावी, अशी नाव त्यास हवी होती. १९६८ मध्यें त्याची चौदा फुटी नाव निघाली, आणि लागलीच सोळा फुटी. या दुसऱ्या जातीच्या एक लाखाहून अधिक नावा आजवर बांधल्या गेल्या आहेत. या दोहोंच्या होड्या बाहेरून सपाट व आंतून फुगीर अशा केल्यामुळें तळाखालीं उतरवावयाची मधली फळी लागतच नाहीं. म्हणजे वाळूस अडेल असें नावेखालीं कांहीं उरलें असेल तर तीं दोन सुकाणूंचीं पातीं. तीं आपोआप उचललीं गेलीं तरच ही कल्पना खरी.

आतां या ठिकाणीं थोडें यंत्रशास्त्र सांगणें भाग आहे. वाचकांनीं कंटाळूं नये. विषयाचें मर्म येथेंच आहे. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट, तिप्पट झाला कीं नऊपट. ताशीं चार-पांच सागरी मैल जाणाऱ्या साध्या होडीचें पातें स्वतःच्या वजनानें किंवा साध्या दोरीनें खालीं राहील. पंधरा मैल धांवणाऱ्या जोडनावेचें राहणार नाहीं. त्यांत तरफेचा हिशेब असा. पात्यावरील दाबाचा मध्य खुंटीच्या खालीं अठरा इंचांवर आहे असें धरूं, आणि त्यास अडवणारा खटका खुंटीपासून दीड इंचावर. म्हणजे पाण्यानें पात्यास दहा पौंडांचा रेटा दिला तर खटक्यास एकशेंवीस पौंडांचा सोसावा लागतो. आणि सुकाणू एकदम वळवलें म्हणजे पातें पाण्यास आडवें होऊन मागें ढकलणारा रेटा आणखी वाढतो. तेव्हां खटका निसटण्याचा संभव ज्या क्षणीं सुकाणूची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच क्षणीं सर्वांत अधिक असतो.

तो निसटला म्हणजे काय होतें? पातें उभें असतां त्याचा कांहीं भाग फिरण्याच्या आंसाच्या पुढें असतो, म्हणून दांडा हातास हलका लागतो. पातें थोडेंसें मागें कललें कीं सर्व दाब आंसाच्या मागें जातो. दांडा जड होतो, हात भरून येतो, आणि नाव ऐकेनाशी होते. जोडनाव जोरांत असतां वाऱ्याकडील होडी पुष्कळ वेळां पाण्याबाहेर उचललेली असते, म्हणजे कामाचें सुकाणू एकच उरतें. तेंच सुटलें तर नाव वाऱ्यास तोंड देऊन वळते, आणि कित्येकदां उलटते. उलट, खटका अतिशय घट्ट केला तर काय होतें तें आम्हीं मालवणास डोळ्यांनीं पाहिलेंच.

या पेंचांतून काढलेल्या वाटा थोडक्यांत अशा. सर्वांत जुनी व सोपी वाट दोरीची: पात्यास खालीं ओढणारी दोरी दांड्यावर एका पकडींत अडकवावयाची. पण दोरी ताणते, आणि वाळू लागली म्हणजे हातानें सोडावी लागते. त्या घाईंत हात रिकामा कोणाचा असतो? म्हणून पुढें अशा पकडी निघाल्या कीं ठराविक जोरापलीकडे ओढ बसली म्हणजे त्या स्वतःच उघडून दोरी सोडतात. दुसरी वाट मोडत्या खुंटीची. पातें एका बारीक लांकडी अगर नायलॉनच्या खुंटीनें अडवावयाचें. धक्का बसला कीं पैशापासरी मिळणारी खुंटी मोडते आणि मोलाची नाव वांचते. त्यांत दोष इतकाच कीं नवी खुंटी बसवीपर्यंत सुकाणू नाहीं. तिसरी वाट आल्टर यांच्या नावांवरील स्प्रिंगच्या खटक्याची. पात्याच्या माथ्याशीं धातूच्या कोशांत खांच असलेला एक तुकडा असतो, आणि खालून स्प्रिंगनें दाबलेली एक खिटी त्या खांचेंत बसते. दांडा खालीं दाबला कीं खिटी खट्कन् बसून पातें खालीं जखडतें. वाळूचा धक्का स्प्रिंगच्या जोरापेक्षां अधिक झाला कीं खिटी खांचेबाहेर उडी घेते आणि पातें वर येतें. स्प्रिंगचा ताण स्क्रूनें कमीजास्त करतां येतो. आज तो किती असावा, हें ज्याचें त्यानें वारा, वजन व किनारा पाहून ठरवावयाचें.

या तिसऱ्या वाटेंत कांहीं मोडत नाहीं आणि हातहि लागत नाहीं. म्हणून ती सर्वांत चतुर. पण तीच सर्वांत अधिक निगा मागते. खाऱ्या पाण्यांत ॲल्युमिनियम आणि पोलाद शेजारीं आले कीं ॲल्युमिनियम झिजतें, आणि त्यांतून होणारी पांढरी पूड स्क्रूस जागच्या जागीं धरून बसते. वाळूचे कण खिटीच्या भोंकांत शिरतात. खांचेची कड झिजून गोल होते. सुटण्यासाठीं केलेली वस्तु न सुटणारी बनते, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचा अपघात यंत्राच्या कल्पनेंतील दोषानें झाला नाहीं. एका दिवसाच्या आळसानें झाला.

अलीकडे हा प्रश्न आणखी बिकट झाला आहे. ऑलिंपिकमधील सध्यांच्या जोडनावेच्या सुकाणूस खालीं आडवे पंख असतात, आणि नाव त्यांवर व पुढच्या पंखांवर पाण्याबाहेर उचलून धांवते. तेथें सुकाणू अंशभर कललें तरी पंखाचा कोन बदलतो आणि नाव नाक खुपसते किंवा उसळते. तेव्हां अशा शर्यतीच्या नावांत पातें खालीं पक्कें राखण्याकडे अधिक कल गेला आहे; वाळूवर सरळ चढण्याची मोकळीक तितकी कमी झाली. वेगासाठीं पुन्हां खोल पाण्याचें मांडलिकत्व पत्करावें लागलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खटक्याचा इतका पाल्हाळ कशास? आमचें उत्तर असें. सुकाणूचा इतिहास सांगतांना आजवर पंडितांनीं एकच प्रश्न विचारला: कोणाचें सुकाणू अधिक घट्ट? त्या कसोटीवर कडी-खुंटीचें युरोपीय सुकाणू पहिलें येतें, आणि वल्हें बांधणारे, दोर सोडणारे, ओंडक्यावरून जाणारे सर्व मागासलेले ठरतात. परंतु दुसरा प्रश्न विचारून पाहावा: कोणाचें सुकाणू वेळेवर सुटतें? मग तोच इतिहास निराळा दिसूं लागतो. मग व्हायकिंगांचा वरचा पट्टा, चिनी रहाट, मद्रासच्या तांडेलाचें वल्हें हीं मागासलेपणाचीं चिन्हें न राहतां एका अवघड प्रश्नाचीं विचारपूर्वक दिलेलीं उत्तरें ठरतात; आणि विसाव्या शतकांतील कॅलिफोर्नियाच्या कारागिरास वाळूच्या किनाऱ्यावर तोच प्रश्न पुन्हां सोडवावा लागला हें ध्यानांत येतें. ज्या लोकांचा शब्द घेऊन जगानें नावेस नांव दिलें, त्यांच्या अकलेस मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ओळभर जागा मिळूं नये, ही गोष्ट आम्हां शिकवणारांस भूषणावह नाहीं. या पापांत आमचाहि वांटा आहे. तीस वर्षें आम्हीं वर्गांत आरमारें शिकवलीं, पण किनाऱ्यावरच्या तांडेलास एकहि प्रश्न विचारला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पुळणीवर गेलों तेव्हां विद्यार्थी आणि तो म्हातारा असे दोघे उलट्या नावेपाशीं बसले होते. धातूचा कोश उघडला होता, खिटी गोड्या पाण्यानें धुऊन फडक्यावर ठेवली होती, आणि म्हातारा ती बोटांत फिरवून न्याहाळीत होता. स्प्रिंग पुन्हां बसवल्यावर त्यानें तळव्यानें पातें दाबून पाहिलें. तें खट्कन् बसलें. मग त्यानें पायानें त्यास एक धक्का दिला, तें सुटलें. दोन्ही वेळां त्याची मान सारखीच हलली.